मिठाचा हिशेब, साखरेची भागीदारी

शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरीचा परिसर उसाचा. पुरुषोत्तमनगरचा सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना याच तालुक्यातला. मीठ मात्र येथे बाहेरून येते. देशातील बहुतांश मीठ गुजरातेत तयार होते आणि खानदेशाला गुजरात शेजारीच आहे. स्वयंपाकघरातील फळीवर दोहोंचे डबे शेजारी शेजारी असतात. दोन्ही पदार्थ पांढरे, दाणेदार, पाण्यात सहज विरघळणारे. फरक कळतो तो चुलीवर. कढईत साखर तापवली की ती पातळ होते, तांबूस होते आणि अखेर जळून कोळसा होते. मीठ तापवले तर त्यात शेंगदाणे खमंग भाजून निघतात. मीठ तसेच राहते. ते वितळण्यास सुमारे ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते. या फरकाचे कारण अणू एकमेकांशी कसे बांधले गेले आहेत, यात आहे.

मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन. सोडियम हा धातू पाण्यात पडताच पेट घेतो. क्लोरीन हा पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, सैनिकांवर सोडलेला विषारी वायू. सोडियमच्या बाहेरच्या कवचात एक इलेक्ट्रॉन असतो, क्लोरीनच्या बाहेरच्या कवचात सात. सोडियम आपला एक देतो, क्लोरीन तो घेतो आणि दोघांचेही बाह्य कवच आठांचे होते, असे शाळेत शिकवले जाते. ते खरे आहे, पण अपुरे. त्यावरून सोडियम मोठा दानशूर आहे असा समज होतो. जमाखर्च मांडला तर चित्र वेगळे दिसते.

५८.५ ग्रॅम मिठाला पुरतील इतके सुटे अणू घेतले, तर सोडियमकडून इलेक्ट्रॉन काढण्यास सुमारे ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्ची पडते. क्लोरीन तो स्वीकारताना सुमारे ३४९ किलोज्यूल परत देतो. म्हणजे निव्वळ देवघेवीत १४७ किलोज्यूलची तूट! एवढ्यावरच व्यवहार थांबला असता, तर मीठ तयारच झाले नसते. खरी जमा पुढे होते. इलेक्ट्रॉन गमावलेला सोडियम धनप्रभारित होतो, मिळवलेला क्लोरीन ऋणप्रभारित. हे विरुद्ध प्रभाराचे आयन एकमेकांना ओढून स्फटिकात रचले जातात, तेव्हा सुमारे ७८७ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. तूट वजा जाता ६४० किलोज्यूल शिल्लक. आयनिक बंध टिकतो तो या शिलकेवर. स्फटिकात प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन आणि प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम असतात. अमक्या सोडियमचा अमका क्लोरीन अशी जोडी तेथे नसते. सारे गावच एकमेकांना धरून असते. म्हणून ते वितळवणे इतके कठीण.

साखरेचा व्यवहार निराळा आहे. कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन हे तिचे घटक. त्यांच्यात पूर्ण देणे-घेणे परवडत नाही. येथे संयुक्त खाते उघडले जाते. दोन अणू आपापला एकेक इलेक्ट्रॉन घालतात आणि ती जोडी दोन्ही अणुकेंद्रकांच्या मधल्या जागेत वावरते. दोन्ही केंद्रके तिला ओढतात आणि तिच्यामुळेच एकत्र राहतात. हा सहसंयुज बंध. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी ही सामाईक जोडीची कल्पना १९१६ साली मांडली. साखरेच्या एका रेणूत असे बांधलेले ४५ अणू असतात. कढईत साखर काळी पडते, कारण उष्णतेने रेणूच मोडतो.

अणूंच्या बंधाचा विचार तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायातही आहे. परमाणूंतील स्निग्ध आणि रूक्ष या गुणांमुळे बंध होतो, किमान अंशाच्या गुणांचा होत नाही, असे तेथे सांगितले आहे. सदृश गुणांच्या बंधाविषयी दिगंबर आणि श्वेतांबर परंपरांचे अर्थ वेगळे आहेत. स्निग्ध म्हणजे धनप्रभार आणि रूक्ष म्हणजे ऋणप्रभार, असे समीकरण प्रवचनांतून कधीकधी ऐकू येते. मोह स्वाभाविक आहे, पण नोंद चुकीच्या खात्यावर पडते. आगमातील परमाणू अविभाज्य आहे. रसायनशास्त्राचा अणू तसा नाही, त्याचा इलेक्ट्रॉन निघतो म्हणून तर मीठ होते. कण एकमेकांना का चिकटतात आणि त्याला अंशांचा नियम असावा काय, हा प्रश्न इतक्या प्राचीन काळी विचारला गेला, हे श्रेय स्वतंत्रपणे पुरेसे मोठे आहे.

हे दोन्ही बंध पाण्यात उतरले की फरक पुन्हा उघड होतो. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन सामाईक जोडी आपल्याकडे अधिक ओढतो. त्यामुळे त्या रेणूची एक बाजू किंचित ऋण, दुसरी किंचित धन असते. असे रेणू मिठाच्या आयनांना वेढतात आणि सोडियम व क्लोरीन सुटे होतात. साखरेचे रेणू एकमेकांपासून वेगळे होतात, पण आतून अखंड राहतात. म्हणून मिठाच्या पाण्यातून वीज वाहते, साखरेच्या पाण्यातून जवळजवळ नाही.

जुलाबाने बेजार झालेल्या मुलाचा जीव यावर अवलंबून असतो. आतड्यात साखरेपासून ग्लुकोज सुटते. आतड्याच्या भिंतीतील एक वाहक प्रथिन सुटे सोडियम आयन आणि अखंड ग्लुकोज दोघांना एकत्रच आत घेते. मागोमाग पाणी जाते. जुलाबातही हे दार बहुधा उघडे राहते. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच द्रावणाने पटकीच्या असंख्य रुग्णांना वाचवले. तयार ओआरएसचे पाकीट उत्तम. ते मिळेपर्यंत उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ; चमचा चहाचा. अंदाजाने मूठभर घालू नये. मीठ वाढले तर रक्तातील सोडियम धोकादायक पातळीवर जाते. साखर वाढली तर ती शरीरातले पाणी उलट आतड्यात ओढते आणि जुलाब बळावतात.