गर्दी आहे, गिऱ्हाईक कुठे?

संध्याकाळी सात वाजता अंबरनाथ स्टेशनच्या पश्चिमेला उतरणाऱ्याला इथला बाजार ओसरतोय असं सांगितलं, तर तो हसेल. लोकलमधून ओतलेला लोंढा, रिक्षांची रांग, भाजीच्या पाट्या, मोबाइल कव्हरांचे ठेले. पाय ठेवायला जागा नसते. पण ही गर्दी बाजारात आलेली नसते, बाजारातून वाट काढत घर गाठत असते. तिच्यातले किती जण कापडाच्या किंवा भांड्यांच्या दुकानाची पायरी चढतात, ते गल्ल्यावर बसलेल्याला विचारावं.

याचं खापर मॉल आणि मोबाइलवर फोडणं सोपं आहे. मॉल तरी कुठे अजिंक्य आहेत? १९९९ मध्ये हाजीअलीला गाजावाजा करत उघडलेला क्रॉसरोड्स पुढे ‘सोबो सेंट्रल’ झाला, तरी तिथली वर्दळ ओसरायची ती ओसरलीच.

अंबरनाथ पश्चिमेचा बाजार पोसला कारखान्यांच्या पगारांनी. आधी विम्कोची काडेपेटी, मग १९५३ पासून ऑर्डनन्स फॅक्टरी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी. कामगार इथेच राहायचा, इथेच कमवायचा, म्हणून खर्चही इथेच करायचा. पगाराची तारीख ठरलेली, त्यामुळे वाणी निर्धास्तपणे वहीत मांडून ठेवायचा आणि कापडवाला दिवाळीच्या खरेदीचे पैसे दोन-तीन हप्त्यांत घ्यायचा. विम्को बंद पडली, उरलं ते विम्को नाक्याचं नाव. ऑक्टोबर २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. इथले दोन कारखाने दोन वेगळ्या कंपन्यांकडे गेले. कायम नोकऱ्या तर त्याआधीपासूनच आटत होत्या. आज आहे आणि उद्या नाही अशा कंत्राटी कामगाराला उधार देणार कोण? आता उधारी फोन देतो, ‘पैसे नंतर भरा’ म्हणत. तोंडओळखीवर धंदा करणाऱ्या दुकानदाराचं खरं भांडवल तिथेच गेलं.

माणसं मात्र कमी झालेली नाहीत. २००१ च्या जनगणनेत अंबरनाथची लोकसंख्या सुमारे २ लाख ४ हजार होती, २०११ मध्ये ती अडीच लाखांवर गेली. पण नव्या वस्तीतला कमावता माणूस ठाण्या-मुंबईला जातो, पहाटे निघतो आणि दुकानांची शटर खाली यायच्या वेळेला परततो. त्याच्या संकुलाखालीच गाळे असतात. दूध, औषध, वाणसामान तिथेच मिळतं.

शेजारचं उल्हासनगर पाहावं. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी कॅम्पांत उभारलेला व्यापार अजून माणसं ओढतो. कपड्यांसाठी गजानन मार्केट, लाकडी सामानासाठी फर्निचर बाजार. लोक तिथे कल्याण-डोंबिवलीहून मुद्दाम जातात, कारण एकाच मालाची पन्नास दुकानं ओळीने आणि भावात घासाघीस. मॉल त्यांच्याही आसपास झाले. अंबरनाथचा बाजार असा एका मालाचा कधीच नव्हता. तो गावाचा बाजार होता, आणि तेच गाव आता रात्री झोपायला येतं.

दुकानदार बोट दाखवतात ते फेरीवाल्यांकडे. त्यात तथ्य आहे, पण पदपथावर पुतळे आणि कार्टन मांडणारे दुकानदारही आहेतच. फेरीवाल्यांचं सर्वेक्षण करून त्यांना जागा आखून द्यायचा कायदा २०१४ चा आहे. पदपथ चालण्याजोगा झाला, आलेल्या बाईला स्वच्छतागृह मिळालं आणि दुचाकी लावायला कोपरा असला, तर निदान रविवारी तरी घरची मंडळी इथे येतील. हे काम नगर परिषदेचं आहे आणि त्याला फार पैसा लागत नाही.

तेही लवकर व्हायला हवं. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये चिखलोली स्थानक मंजूर झालेलं आहे. तिथे लोकल थांबू लागली की त्या बाजूची वस्ती अंबरनाथला उतरणारच नाही, आणि आज दुकानांसमोरून निदान जाते ती गर्दीही विभागली जाईल.