आकडा वाढला, जबाबदारी घटली

१८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे अंधेरी पूर्वेकडील साकीनाका भागात, खैरानी रोडवरील एका फरसाणाच्या दुकान-कारखान्याला आग लागली आणि बारा कामगार प्राणास मुकले. त्यानंतर अकराच दिवसांनी लोअर परळच्या कमला मिल आवारातील उपाहारगृहांच्या आगीत चौदा जणांचा बळी गेला. दुसऱ्या घटनेने देश हादरला. महापालिकेचे अधिकारी निलंबित झाले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. पहिल्या घटनेतील मृत मात्र परप्रांतांतून पोटासाठी आलेले, कामाच्या जागीच झोपणारे मजूर होते. त्यांची आठवण राज्यकर्त्यांना फार काळ राहिली नाही.

योगायोग असा की, साकीनाक्याच्या आगीच्या दुसऱ्याच दिवशी, १९ डिसेंबर २०१७ रोजी, महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांचा नवा कायदा अमलात आला. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना त्याने नोंदणीतून मुक्त केले. त्यांनी केवळ सूचना दिली की काम भागते. हा योगायोग असला, तरी त्यामागील धोरण योगायोगाचे नव्हते.

कारखाना कशाला म्हणायचे, या प्रश्नाच्या उत्तरात कामगार कायद्याचा सारा इतिहास सामावलेला आहे. १८८१ च्या पहिल्या कायद्याने यंत्रशक्ती वापरणाऱ्या व शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या जागेलाच कारखाना मानले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्या संघटितपणे मांडल्या. १८९१ मध्ये ही मर्यादा पन्नासवर आली, १९२२ मध्ये वीसवर, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने दहावर. परकीय सत्तेच्या काळातही जो आकडा खाली येत गेला, तो महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये दुरुस्ती करून पुन्हा वीसवर नेला. यंत्रशक्ती नसेल तेथे चाळीसवर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सुरक्षा व आरोग्यविषयक श्रमसंहितेने कारखान्याच्या व्याख्येसाठी हेच आकडे देशभर लागू केले. म्हणजे साकीनाका, मरोळ, भांडुप येथील दहा-पंधरा कामगारांचे गाळे १९२२ च्या स्थितीत परत गेले.

हे 'उद्योगसुलभते'च्या नावाखाली झाले. जागतिक बँकेच्या क्रमवारीत वर चढण्याची सरकारांना घाई झाली होती. आकडेवारीतील गैरप्रकार उघड झाल्यावर बँकेने २०२१ मध्ये ती क्रमवारीच बंद केली. तिच्यासाठी मालकांना दिलेल्या सवलती मात्र कायम राहिल्या. मालकवर्गाचा राजकीय प्रभाव वॉर्ड ऑफिसात येणाऱ्या टेलिफोनपुरता मर्यादित नसतो. कायद्याची व्याख्याच बदलून घेता आली, तर टेलिफोन करण्याची गरजही उरत नाही.

निरीक्षकांच्या हप्तेबाजीची तक्रार खोटी आहे, असे कोणी म्हणणार नाही. लहान कारखानदार या जाचाने खरोखरच त्रस्त होता. परंतु भ्रष्ट निरीक्षकावर उपाय म्हणून निरीक्षणच काढून घेणे, हे पोलीस लाच खातो म्हणून चौकी बंद करण्यासारखे आहे. २००६ च्या राज्य अग्निसुरक्षा कायद्याचेच उदाहरण पाहावे. इमारतीतील अग्निरोधक व्यवस्था ठीक असल्याचा दाखला वर्षातून दोनदा परवानाधारक खासगी संस्थेने द्यायचा असतो, आणि त्या संस्थेचे शुल्क भरतो तो मालक. ज्याची तपासणी, त्याचाच पैसा! मग प्रामाणिक दाखल्याची हमी कोण देणार?

दुसरे दुखणे नोकरशाहीच्या विभागणीचे. उपनगरातील एका गाळ्यावर महापालिकेचे आरोग्य खाते, इमारत खाते, दुकाने व आस्थापना खाते, अग्निशमन दल, अन्न व औषध प्रशासन आणि औद्योगिक सुरक्षा संचालनालय अशा अनेकांची नजर असावी, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात एक खाते तेल पाहते, दुसरे पोटमाळा, तिसरे हजेरीपट. रात्री तेथे माणसे झोपतात, हे पाहणे कोणाचेच काम नसते. अपघातानंतर प्रत्येक खाते दुसऱ्याकडे बोट दाखवते. डोंबिवलीत २६ मे २०१६ च्या स्फोटाने बारा माणसे मारली. धोकादायक कारखाने हलवण्याच्या घोषणा झाल्या. २३ मे २०२४ रोजी त्याच औद्योगिक वसाहतीत पुन्हा स्फोट होऊन कामगार मेले, आणि घोषणाही पुन्हा झाल्या.

भारताने १९४९ मध्येच आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा ८१ वा करार स्वीकारलेला आहे. पूर्वसूचना न देता, दिवसा किंवा रात्री, निरीक्षकाला कामाच्या जागी प्रवेश असला पाहिजे, असे तो करार सांगतो. नव्या संहितेने निरीक्षकाला 'सुविधादाता' ही दुसरी ओळख दिली असली, तरी हे वचन संपलेले नाही. शिवाय, कामगारांची संख्या कितीही कमी असली तरी धोक्याचे काम अधिसूचनेद्वारे संहितेच्या कक्षेत आणण्याचा अधिकार केंद्र सरकारला याच संहितेने दिला आहे. उकळते तेल, गॅसची सिलिंडरे आणि एकच दरवाजा असलेल्या गाळ्यात माणसे झोपत असतील, तर ते काम धोक्याचे नाही काय?

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. अशा उद्योगांची अधिसूचना निघावी. प्रत्येक वॉर्डासाठी एक जबाबदार अधिकारी नेमला जावा. तपासणीचे अहवाल वॉर्ड ऑफिसच्या फलकावर लागावेत. तपासणीच्या वेळी कामगारांचा प्रतिनिधी हजर असावा. पण केवळ निवेदने देऊन हे होणार नाही. अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या गल्ल्यांतील गाळ्यांची यादी कार्यकर्त्यांनी स्वतः करावी: कामगार किती, दरवाजे किती, रात्री झोपतात किती. जी माहिती सरकार गोळा करीत नाही, ती लोकांनी गोळा करून सरकारपुढे ठेवली, की 'आम्हाला ठाऊक नव्हते' ही सबब तरी पुढच्या आगीनंतर सांगता येणार नाही.