गणक, भांडागारिक आणि आपण

रायपूरचा सदर बाजार ही सराफांची पेठ. येथे सोन्याची पारख क्षणात होते. मात्र याच शहरातील महंत घासीदास स्मारक संग्रहालय सवडीने पाहिलेले ग्राहक आम्हांस क्वचितच भेटतात. राजनांदगावचे महंत घासीदास यांच्या दातृत्वातून १८७५ मध्ये ते स्थापन झाले. सध्याच्या वास्तूचे उद्‌घाटन १९५३ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी केले.

सिरपूरच्या कांस्यमूर्तींची कीर्ती मोठी आहे. बँकेशी संबंध असणाऱ्यांनी मात्र किरारीच्या काष्ठस्तंभापुढेही थांबावे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या या लाकडी खांबावर अधिकाऱ्यांची नावे व पदे कोरलेली होती. त्यांत हिशेब ठेवणारा गणक आहे, भांडार सांभाळणारा भांडागारिक आहे आणि पत्रे पोहोचविणारा लेखहारकही आहे. आपल्या व्यवसायाचे हे पूर्वजच म्हणावयाचे!

१९२१ मध्ये किरारी गावचा तलाव आटला, तेव्हा हा खांब गाळातून बाहेर काढण्यात आला. उन्हाने लाकडाचे पापुद्रे सुटले आणि त्यांबरोबर बहुतेक अक्षरेही गेली. सुदैवाने पंडित लक्ष्मीप्रसाद उपाध्याय या स्थानिक गृहस्थांनी ती जशी दिसली तशी उतरवून घेतली होती. अभ्यासकांना आज त्या लेखाचा जो मजकूर ज्ञात आहे, तो मुख्यतः या नकलेमुळेच.

इतिहास राजेरजवाड्यांच्या देणग्यांनी जतन होतो हे खरे. परंतु तो वाचतो वेळीच नक्कल करून ठेवणाऱ्या सामान्य माणसामुळे, असे आमचे स्पष्ट मत आहे. वामनराव लाखे यांनी १९१३ मध्ये रायपुरात सहकारी बँकेचा पाया घातला. त्याआधी, १९०० मध्ये, माधवराव सप्रे यांच्या ‘छत्तीसगढ़ मित्र’ मासिकाच्या प्रकाशनाची धुराही त्यांनी वाहिली होती. त्या पिढीचे व्यवहार जुन्या वह्यांत, भागपत्रांत आणि पत्रांत असतात. असे कागद आजही पेढ्यांच्या माळ्यावर आणि मराठी कुटुंबांच्या ट्रंकांत पडून असतील. त्यांना उन्हाचे भय नसले, तरी ओल, वाळवी आणि रद्दीवाला यांचे आहेच.

म्हणून सुज्ञ ग्राहकांस विनंती, की असा कागद टाकून देण्यापूर्वी त्याची छायाप्रत काढावी, त्यावर नाव व साल लिहावे आणि मूळ कागद एखाद्या जाणकारास दाखवावा. दागिन्यांसाठी आपण लॉकर घेतोच. आजोबांच्या खतावणीसाठी निदान एक कोरडी पेटी असावी. आणि एखाद्या सुटीच्या दिवशी मुलांना तो काष्ठस्तंभ अवश्य दाखवावा.