डब्यावरचं अक्षर आधी वाचता आलं पाहिजे



दिवाळी जवळ आली की आपल्या ग्रुपवर डब्यांचे, पाकिटांचे, लेबलांचे फोटो सुरू होतात. कुणी निर्वाण लाडूचे डबे भरते, कुणी शंकरपाळ्या-चकल्यांच्या ऑर्डरी घेते, कुणी पणत्या रंगवून विकते. हाताला काम आणि घरात चार पैसे येतात, चांगलंच आहे. माझं भांडण आहे ते त्या डब्यांवरच्या अक्षरांशी. यंदा लिहूनच टाकते, राग आला तरी चालेल.

सगळ्यात आधी ती इंग्रजी अक्षरं, ज्यांच्या डोक्यावर रेघ ओढून त्यांना देवनागरीचं सोंग दिलेलं असतं. 'जय जिनेंद्र' रोमन लिपीत लिहायचं आणि ते संस्कृतसारखं दिसावं म्हणून वर शिरोरेघ! परदेशातल्या भारतीय हॉटेलांच्या पाट्यांवर हे अक्षर दिसतं. तिथल्या गिऱ्हाइकाला देवनागरी येत नाही, माल भारतातला आहे एवढंच त्याला कळवायचं असतं. तळोज्यात वरच्या मजल्यावरच्या वहिनींना डबा देताना आपण भारतातल्या आहोत हे कशाला कळवायचं? त्यांना देवनागरी येते, आपल्यालाही येते. सरळ लिहा.

दुसरी गोष्ट जरा समजून घ्या, कारण इथे मोबाईल आपल्याला फसवतो. फॉन्ट म्हणजे अक्षरांच्या आकारांची पेटी. इंग्रजीत मोठी-छोटी मिळून ५२ अक्षरं, वर आकडे आणि चिन्हं, झालं काम. देवनागरीत मात्र जोडाक्षरं, रफार, वेलांट्या, उकार या सगळ्यांचे आकार आणि जागा ठरवाव्या लागतात. ते शेकड्यांच्या घरात जातं. म्हणून पुष्कळ नटव्या फॉन्टांत देवनागरी नसतेच. आपण यादीतून वेलबुट्टीचं नाव निवडतो, आणि त्या पेटीत मराठी अक्षर सापडलं नाही की ॲप गुपचूप दुसऱ्याच फॉन्टमधलं आणून बसवतं. 'दहा फॉन्ट बदलले तरी मराठी तसंच दिसतं' ही तक्रार त्यातूनच येते. आणि मग बाई कंटाळून इंग्रजीकडे वळते.

काहींत देवनागरी असते, पण अर्धवट. 'उत्तम क्षमा' लिहा, 'मिच्छामि दुक्कडं' लिहा, 'निर्वाण' लिहा. त्त, च्छ, क्क नीट जुळले का? रफार वा वरच आहे का, की शेजारी घसरलाय? खाली लंगडा पाय लटकवलेला 'मिच्‌छामि' मी छापील पाकिटावर पाहिलाय. वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायचे ते शब्द, आणि तेच मोडके.

'शुभ लाभ' तर रोजचं. त्यात श आणि ल ही दोन्ही अक्षरं आहेत, आणि नेमकी याच दोघांची मराठी वळणं हिंदीहून वेगळी. देठाचा श आणि पाकळीचा ल आपण पाटीवर गिरवलेला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनानेही आदेश काढून हीच रूपं वापरायला सांगितली. पुष्कळ फॉन्टांत हिंदी वळण आधी उमटतं. आपलं वळण आत असलं तरी भाषा 'मराठी' निवडल्याशिवाय ते बाहेर येत नाही, आणि काही ॲपमध्ये ती निवडच दिलेली नसते. नसेल तर दुसरा फॉन्ट घ्या. चोपडीच्या पहिल्या पानावर आजोबा जो ल काढायचे, तो नातीच्या डब्यावर का नको?

'मावशी, सणाला थोडं नटायचंच नाही का?' असं माझी भाची विचारते. नटा की! मुंबईच्या 'एक टाइप'ने 'मोदक' नावाचा गुबगुबीत फॉन्ट केलाय, 'लाडू' हा शब्द त्यात खरोखर लाडवासारखा दिसतो. 'यात्रा वन' लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला आहे. दोन्ही फुकट मिळतात. पण नटवायचा तो एक शब्द, तोही मोठा. मोदकमधल्या फटी केसाएवढ्या बारीक असतात. तो छोटा करून खाकी कागदावर छापला की शाई पसरते आणि अक्षरांचा गोळा होतो. बाकी सगळा मजकूर साध्या 'मुक्ता'त किंवा राज्य मराठी विकास संस्थेने करवून घेतलेल्या 'यशोमुद्रा'त ठेवा.

कारण डबा हातात आला की आपण काय बघतो? घटक आणि तारीख. पिठाची मर्यादा आपल्याकडे पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, थंडीत ७. सोधाचं खाणारी सासू चष्मा लावून तारीख शोधते आणि ती सोनेरी झोकदार अक्षरात, ७ आहे की ९ तेही कळत नाही, तर तो डबा ती बाजूला ठेवणार. बरोबरच करते. मी कॉमर्सची आहे, मला लेबल हे बिलासारखं वाटतं. बिलावरचा आकडा वाचता येत नसेल तर त्याच्या कडेच्या नक्षीचं काय करायचं? वजन, घटक, कधी केलं, कांदा-लसूण नाही, हे काळ्या शाईत आणि ठसठशीत हवं.

श्रुतपंचमीला आपण जिनवाणीपुढे हात जोडतो. षट्खंडागम शतकानुशतकं मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर जुन्या कन्नड लिपीत होता. १९३९ साली डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली धवला टीकेसह त्याचा पहिला खंड अमरावतीहून देवनागरीत छापून आला. लोकांना वाचता यावं म्हणून एवढा खटाटोप केला त्या माणसांनी. आणि आपण 'णमो अरिहंताणं' झाकणावर वळसे-वेलांट्यांत असं छापतो की वाचणाऱ्याला ती नक्षी वाटते.

त्यातही ते झाकण! लाडू संपले की डबा कुठे जातो? तळोज्यातल्या आमच्या सोसायटीत सुक्या कचऱ्याच्या पिंपात, तिथून गाडीत, खरकट्या पिशव्यांखाली. मंत्र आणि भगवंतांचं चित्र त्यावर छापणं म्हणजे पैसे देऊन अविनय विकत घेणं. 'शुभ असतं म्हणून छापतो' हे उत्तर मला पटत नाही. घरात मंत्राचा कागद जमिनीवर पडला तर उचलून डोळ्यांना लावतो ना आपण? 'शुभ दीपावली' पुरे आहे. फारच वाटलं तर मंत्राचं वेगळं जाड कार्ड करून आत ठेवा. घेणारी ते देव्हाऱ्याजवळ ठेवेल.

ऑर्डरी सुरू व्हायच्या आत लेबलाचा एक नमुना छापा, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला द्या आणि मोठ्याने वाचायला सांगा. जिथे अडखळतील तिथला फॉन्ट बदला. माझ्याकडे पाठवलात तरी चालेल, मी चष्मा काढून वाचून बघते.