दुर्बीण आहे, दाखवणारा कुठे आहे?

मी शनी दुर्बिणीत आणून बाजूला होतो. रांगेतली पहिली मुलगी डोळा लावते आणि म्हणते, ‘‘सर, काहीच दिसत नाही.’’ कारण बघताना तिने दोन्ही हातांनी नळी धरलेली असते. पुन्हा शनी शोधा. दीडशे पट मोठा करून बघितलं की पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो मिनिटभरात चौकटीबाहेर जातो. म्हणजे दर मुलामागे दुर्बीण सरकवायला कोणीतरी हवंच. त्यात कडी 2025च्या मार्चमध्ये आडवी रेघ झाली होती, ती आता हळूहळू उघडताहेत. पुस्तकातल्या चित्रासारखी का दिसत नाहीत, हे कोण सांगणार?

आमच्याकडच्या एका शाळेला कुठल्याशा निधीतून उत्तम दुर्बीण मिळाली. दोन पावसाळे कपाटात काढल्यावर तिच्या आरशाला बुरशी लागली. यंत्राला निधी असतो, माणसाच्या मानधनाला नसतो. वर मागणी असते ती वातानुकूलित घुमटाची, भर दुपारी तारे दाखवणाऱ्या! घुमटाशी माझं वैर नाही, पण आकाश फुकट असताना आधी तोच कशाला?

‘शहरात आता काय दिसतं?’ हा प्रश्न ठरलेला. चंद्राची विवरं, गुरूचे चार चंद्र, शनीची कडी. यांना रस्त्यावरचे दिवे अडवत नाहीत. पणजीची सार्वजनिक वेधशाळा भर शहरात, जुंता हाऊसच्या गच्चीवर उभी राहिली. आठ इंची आरसा आपल्या बाहुलीच्या सुमारे आठशे पट प्रकाश गोळा करतो. आकाशगंगेचा पट्टा मात्र शहरातून हरवला, तो काळोखातच दिसायचा. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी भोवतालच्या गावांतले दिवे बदलून उजेड फक्त खाली पडेल असे केले गेले. हे गावांना जमतं, मग नगरपालिकांना का नाही?

पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून हौशी मंडळींच्या बळावर चालली आहे. तालुक्याच्या गावी मात्र नोकरी सांभाळून येणाऱ्या हौशींवर किती दिवस भागवायचं?

म्हणून जिल्हा नियोजन समितीला एवढंच सांगणं: तालुक्याला एका शाळेची गच्ची, एक आठ इंची दुर्बीण आणि ती चालवणाऱ्याचं वर्षभराचं मानधन द्या. पैसे कमी पडले तर दुर्बीण सहा इंची घ्या, मानधन कापू नका.