सुट्या भागांची यादी आणि कारागिराची साख

मागे मढच्या एका बंगल्यात विक्रीला काढलेली प्रीमियर पद्मिनी पाहण्यास आम्ही गेलो होतो. "इंजिन पूर्ण नवे बांधले आहे," असे सांगून मालकाने सुट्या भागांची दोन पानी यादी पुढे केली. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह, गॅस्केट, सारे काही होते. नव्हते ते लेथवाल्याचे बिल. आम्ही व्यवहार केला नाही.

यादी लांब आहे म्हणून इंजिन चांगले ठरत नाही. यादीतील मापे एकमेकांशी जुळली पाहिजेत. पद्मिनीच्या 1089 सीसी इंजिनाचा मूळ बोअर 68 मिलिमीटर. बोअर वाढवला तर पिस्टन आणि रिंगा त्याच मापाच्या ओव्हरसाइज हव्यात. क्रँक ग्राइंड केला तर बेअरिंग अंडरसाइज हवे. या यादीत पिस्टन ओव्हरसाइज आणि बेअरिंग स्टँडर्ड होते. क्रँक खरोखर चांगला असेल तर हेही चालते, पण तो मोजल्याची कोठेच नोंद नव्हती. ऑइल पंप आणि टायमिंग चेनचाही उल्लेख नव्हता.

कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी निघणे बंद होऊन दोन दशके उलटली. आज मिळणारा 'नवा' भाग जुन्या साठ्यातला किंवा नक्कल असू शकतो; डब्यावरचे नाव हा पुरावा नव्हे. गाडी पूर्वी टॅक्सी असून सीएनजीवर धावलेली असेल, तर व्हॉल्व्ह सीटचे काम झाले का, हेही विचारावे. इंजिन नंबर आर.सी. बुकाशी ताडून पाहावा. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असावी लागते. इंजिनात मोठा फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही.

ऑक्टोबर 2023 अखेर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. आता ही गाडी हौशी ग्राहक घेतो आणि तो कागद मागतो. म्हणून आमचे आपल्या मेकॅनिक व लेथवाल्या बंधूंना सांगणे आहे की, बिलावर तारीख, इंजिन नंबर आणि कामाआधीचे व नंतरचे माप लिहा. काढलेले जुने भाग मालकाला परत द्या. जे काम केले नाही, तेही स्पष्ट लिहा. ऐब सांगून विकलेल्या मालाला दोन पैसे कमी मिळतील, पण गिऱ्हाईक पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढेल.