तिसरा रकाना

ऋण काढून सण करू नये, असे आपण दिवाळीच्या तोंडावर एकमेकांना सांगतो आणि मग दुकानात जाऊन हप्त्याने वस्तू घेऊन येतो. आमच्या शेजारचे तरुण गृहस्थ परवा संध्याकाळी आले आणि दाराशीच म्हणाले, “सर, घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, वर कार्डाचे देणे. पगार येतो आणि जातो. तुमच्या लहानपणी म्हणे तुमच्या आईंनी मोठे कर्ज फेडले होते. ते कसे काय फेडले?”

प्राध्यापकाला कुणी प्रश्न विचारला की त्याला पाऊण तास बोलता येते. त्या दिवशी मात्र मी उठलो आणि कपाटातून एक जुनी, कोपरे झिजलेली वही काढून त्यांच्या हाती दिली.

वही आमच्या वारूळवाडीच्या घरातली. वारूळवाडी म्हणजे जुन्नर तालुक्यातले नारायणगावाला लागून असलेले गाव. एकाचा बाजार दुसऱ्याच्या अंगणात यावा इतकी ही दोन गावे जवळ. आमची जमीन थोडी, तीही पावसाच्या भरवशावरची. १९८८ च्या दिवाळीनंतर वडिलांनी विहिरीसाठी वीस हजार रुपये काढले, शेकडा दोन रुपये दराने. दोन रुपये म्हणजे वर्षाचे नव्हेत, महिन्याचे. म्हणजे दरमहा ४०० आणि वर्षाला ४,८०० नुसते व्याज. विहिरीला पाणी लागले, पण ते माघ संपता संपता तळ गाठी. वडिलांनी घरात कुणालाच नेमका आकडा सांगितला नाही. ‘थोडेसे देणे आहे’ एवढेच आम्ही ऐकत होतो. तीन वर्षांत त्या थोड्याशा देण्याचे ३४,४०० झाले.

१९९१ च्या दिवाळीत, ऐन सणाच्या सकाळी, ज्यांचे पैसे होते ते गृहस्थ अंगणात येऊन बसले. ते काही वावगे बोलले नाहीत. चहा घेतला, आम्हा मुलांच्या हातावर एकेक लाडू ठेवला आणि गेले. त्या लाडवाची चव मला अजून आठवते, कारण वडील त्या दिवशी जेवले नाहीत.

रात्री आई त्यांना म्हणाली, “अहो, आकडा सांगा. आकडा ठाऊक नसला की नुसती भीती वाढत जाते.” वडिलांनी सांगितला. आम्ही भावंडे जागीच होतो. आईने आम्हाला झोपा म्हटले नाही, आणि मला वाटते कर्ज फिटायला खरी सुरुवात तिथे झाली.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. व्यापारी त्या दिवशी चोपड्यांची पूजा करतात. आमच्याकडे कुठली चोपडी? पण चौथी शिकलेल्या माझ्या आईने माझी एक कोरी वही घेतली, तिला हळदकुंकू लावले आणि पाटावर लक्ष्मीशेजारी ठेवली. पानावर तीन रकाने आखले: जमा, खर्च आणि वाचले.

पहिले दोन रकाने सगळेच लिहितात. खरी युक्ती तिसऱ्या रकान्यात होती. वडिलांनी स्टँडवरचा चहा टाळला की ते पैसे ‘वाचले’मध्ये लिहायचे आणि त्याच संध्याकाळी डालड्याच्या रिकाम्या डब्यात टाकायचे. एस. टी. ऐवजी सायकलने गेले, तर तिकिटाचे पैसे डब्यात. आई म्हणे, “वाचले म्हणून नुसते तोंडाने म्हटले, की ते दुसऱ्या वाटेने जातात.” म्हशीचे दूध डेअरीला जाई, घरात कोऱ्या चहात गूळ पडे, आणि दर दहा दिवसांनी येणारा दुधाचा पगार आधी डब्यात जाऊन मगच घरखर्चाला हात लागे. आई आणि आक्का लोकांचे टोमॅटो तोडायला रोजाने जात. एका दिवाळीला फराळात शेव आणि गुळाचे शंकरपाळे, एवढेच होते. आम्ही ते चवीने खाल्ले, कारण का ते आम्हाला ठाऊक होते.

गावातल्या एका वडीलधाऱ्यांना मध्ये घालून आईने दुसरी गोष्ट ठरवून घेतली: व्याजावर व्याज नाही, आणि व्याजाबरोबर दरमहा थोडे तरी मुद्दल घ्यायचे. हजार रुपये मुद्दल उतरले की महिन्याचे वीस रुपये व्याज कायमचे तुटे. नुसते व्याज भागवत राहिले तर माणूस आयुष्यभर चालतो आणि जागच्या जागी राहतो. प्रत्येक रकमेची पावती ती मागून घेई.

या पावतीला आमच्या मुलखात मोठा इतिहास आहे. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, कापसाचा चढा भाव पडला, आणि तेजीत काढलेली कर्जे शेतकऱ्यांच्या उरावर बसली. १२ मे १८७५ रोजी याच पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखते ओढून काढून जाळली. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. रोष होता तो कागदावर, कारण कागद एकाच्याच घरी असे आणि दुसऱ्याला तो वाचता येत नसे. चौकशी होऊन १८७९ मध्ये जो कायदा आला, त्याने खताच्या मागे जाऊन सगळ्या व्यवहाराचा इतिहास तपासण्याचा अधिकार न्यायालयाला दिला, आणि पावती व हिशेब मागण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला.

त्याच्याही दोनअडीचशे वर्षे आधी तुकोबांनी घरच्या सावकारीतला भावाचा वाटा त्याला देऊन आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. त्यांचे सद्गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आमच्याच तालुक्यात, ओतूरला आहे. पण खते बुडवणे धनकोच्या हाती असते आणि जाळणे जमावाच्या. एकट्या कुटुंबाला तिसरीच वाट उरते: आपलीही एक वही ठेवणे.

१९९६ च्या दिवाळीआधी कर्ज फिटले. पाच वर्षांत सारे मिळून ४६,००० च्या आसपास गेले. वडिलांनी खत घरी आणले. आईने ते जाळले नाही की फाडले नाही. वहीत घालून ठेवले.

इथवर ऐकून आमचे शेजारी खूश झाले. महिना दोन टक्के घेणाऱ्या सावकाराला आपण नावे ठेवतो. कार्डाचे देणे थकले की महिना तीन टक्के किंवा त्याहून अधिक लागते, हे त्यांनी आपल्याच तोंडाने कबूल केले. “आजच वही घालतो,” म्हणाले. मी म्हटले, “थांबा, एक पान राहिले.”

आई गेल्यावर ही वही माझ्याकडे आली. मी ती कौतुकाने चाळीत होतो. जून १९९३ च्या पानावर, ‘वाचले’च्या रकान्यात, एक ओळ आहे: ‘आक्का, अकरावी, १८०.’

आक्का दहावीला माझ्यापेक्षा हुशार होती. तिने शाळा सोडली, तेव्हा तिला शिकण्याची आवड नव्हती असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो. चार वर्षांनी माझ्या कॉलेजची फी भरली गेली, पुढे मी एम. ए. झालो. माझी फी खर्चाच्या रकान्यात आहे. तिची तिसऱ्या रकान्यात आहे. आणि आईचे स्वतःचे तर कुठल्याच रकान्यात काही नाही. पाच वर्षांत तिच्या नावावर एका लुगड्याचीही नोंद नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण मी वर्गात शिकवतो. पण एकाच वाकळीत पाचजण झोपले की कुणाचे तरी पाय उघडे राहतात, हे ती म्हण सांगत नाही.

शेजाऱ्यांना मी एवढेच सांगितले: वही जरूर घाला, आणि घरातल्या सगळ्यांना आकडा सांगा. पण तिसऱ्या रकान्यात काय वाचले याच्या शेजारी, ते कोणाचे वाचले, हेही लिहा. नाहीतर बँकेचे कर्ज फिटते आणि घरातले उरते.

गेल्या भाऊबीजेला मी ते पान आक्कापुढे ठेवले. तिने चष्मा लावून ओळ वाचली. “फॉर्म मीच आणला होता, मीच परत नेऊन दिला. आईने मला विचारलं होतं रे,” ती म्हणाली. मग माझा चेहरा पाहून हसली. “आता ओवाळणीत घालणार असशील तर दर सांग. बँकेचा, की शेकडा दोनचा?”

मी रात्री बसून मांडून पाहिले. शेकडा दोनने, सरळ व्याजाने, तीस वर्षांचे १,२९६ आणि मुद्दल १८०, मिळून १,४७६ रुपये. गणितात चूक नाही, दोनदा तपासले. कर्ज फेडता येते, ऋणातून उतराई व्हावे लागते, हा दोन शब्दांतला फरक मी मुलांना दरवर्षी समजावून सांगतो. यंदाच्या भाऊबीजेला ताटात काय घालायचे, ते मात्र अजून ठरलेले नाही.